कुडाचे बांध

मंगळवारी माझा नवरा कामावर असताना खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. मी शाळेत होते. त्याच्या मुकादमाचा फोन आला. त्याने एकच वाक्य दोनदा सांगितलं.

नवऱ्याला घेऊन मी अलिबागला गेले, दिवसकार्य झाल्यावर सौदीत यान्बूला परतले. परत का जातेस, असं घरी सगळ्यांनी विचारलं. माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, माझ्याच नोकरीवर होता आणि शाळेचं वर्ष संपायचं होतं, एवढंच मी सांगितलं. खरं तर त्याचं जे काही उरलं होतं, ते तिकडेच होतं.

यान्बूच्या मागे डोंगरांकडे गेलं की एक वादी लागते, म्हणजे कोरड्या नदीचं पात्र. पाऊस पडतो तो वर कुठेतरी डोंगरात, आणि त्याचं पाणी एका दुपारी धावत समुद्राकडे निघून जातं. पूर्वी तिथे पाणथळ होती, बगळे उतरत, असं जुनी माणसं सांगत. ती पाणथळ परत आणायचं काम नवऱ्याच्या कंपनीकडे होतं. पात्रात खुंट ठोकायचे, त्यांतून खजुराच्या झावळ्या आणि फांद्या विणायच्या. पाणी अडवायचं नाही, नुसतं रेंगाळायला लावायचं. असे तीन बांध त्याने घातले होते.

मी एकदा शाळेच्या ग्रंथालयातून बीव्हरवरचं मुलांचं पुस्तक घरी आणलं होतं. थंड मुलखातला हा प्राणी ओढ्यावर फांद्यांचे बांध घालतो आणि मागे दलदल तयार होते. नवरा ते जेवताना वाचायचा, वरणाच्या बोटांनी पान उलटायचा आणि माझी बोलणी खायचा. “बीव्हरला इथला व्हिसा मिळायचा नाही,” तो म्हणायचा, “त्याचं काम आपल्यालाच करावं लागणार.”

मुकादम मुरूडकडचा, खारजमिनीच्या बांधांवर लहानाचा मोठा झालेला. त्याची माणसंही तिकडचीच. साहेब एवढे शिकले आणि शेवटी कूडच विणायला आले, असं तो नवऱ्याला तोंडावर म्हणायचा. दोघांचं जमायचं.

परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी मी नवऱ्याचं सामान आणायला तिथे गेले. पोर्टाकॅबिनमध्ये बूट, किटली आणि एक शाल होती. मुकादम म्हणाला, आधी बांध बघा. त्याच्या आवाजात काहीतरी दाखवायची घाई होती.

तिन्ही बांध खालपासून वरपर्यंत चिखलाने लिंपलेले होते. हात फिरवून गुळगुळीत केलेले, घराची भिंत सारवावी तसे. मागे आधीच्या पावसाचं पाणी गुडघाभर साठलं होतं. बांधांच्या खाली मात्र ओल नव्हती. तिथलं पाणकणीस पिवळं पडलं होतं.

“साहेब गेल्यावर आम्ही गप कसं बसायचं, वहिनी?” मुकादम म्हणाला. “सगळे गळत होते. कूड विणला नि सारवलाच नाही, असं आपल्याकडं कोण करतं?”

सुट्टीच्या दिवशी, कोणी न सांगता, त्यांनी हे केलं होतं.

तेवढ्यात प्रकल्पाचा सौदी इंजिनियर गाडी घेऊन आला. तरुण, सभ्य माणूस. त्याने आधी माझं सांत्वन केलं, मग मोबाइल पुढे धरला. वर डोंगरात पाऊस सुरू झाला होता. पूर येणार होता. बांध फुटले तर साठलेलं पाणीही पुराबरोबर जाईल, आणि खाली शेळ्यांचा गोठा होता, तिथे राखणदार राहत होते. त्यांना हलवायला त्याने माणूस पाठवला होता. बांध सपाट करायला मशीन निघालं होतं. अस्रच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजापर्यंत पोचेल, म्हणाला. मग खलास.

आमच्या डोक्यावर आकाश निळं होतं.

हे बांध फुटतील ते लिंपल्यामुळे, मी त्याला इंग्रजीत सांगितलं. गळते असतील तर पाणी त्यांतून निघून जाईल. मशीन येईपर्यंत आम्हाला वेळ द्या. त्याने वर डोंगरांकडे पाहिलं. मशीन आल्यावर मी थांबणार नाही, एवढंच म्हणाला.

मुकादमाला मराठीत सांगितलं, तर तो हलेना. “साहेबांच्या हातचं आहे ते. त्याला मी भोकं पाडू?”

मला नवऱ्याचं जेवतानाचं बोलणं आठवलं. तेच मी त्याला सांगितलं. “बीव्हरसुद्धा चिखल लिंपतो. पण फुटलं की त्याच रात्री तो दुरुस्तीला हजर असतो. आपण नसतो, म्हणून आपले गळते ठेवायचे. हे त्यांचंच बोलणं आहे.”

तो चपला काढून पाण्यात उतरला.

आम्ही खालच्या बांधापासून सुरुवात केली. चिखल सुकून घट्ट झाला होता. माणसं फावड्याच्या टोकाने तो खरवडत होती, मी हातांनी. झावळ्यांची पाती बोटांत घुसत होती. एका फटीतून पाणी आलं, मग दुसरीतून. मधला बांध अर्धा मोकळा झाला तेव्हा मशीनचा आवाज आला. वरच्याला हात लागला नव्हता.

मशीन काठावर थांबलं. इंजिनियरने चालकाला हात केला, आणि मग तो हात तसाच राहिला. वरून दुसरा आवाज येत होता, खडी ओतल्यासारखा. “यल्ला, बाहेर,” तो ओरडला. मुकादमाने मला दंडाला धरून काठावर ओढलं.

पाणी तांबडं होतं. वरचा बांध एका क्षणात गेला. मधल्याचा लिंपलेला अर्धा फुटला, आणि त्याने उरलेलाही ओढून नेला. मी खालच्याकडे पाहिलं नाही. मुकादमाकडे पाहिलं. तो खालच्याकडे बघत होता, ओठ हलत होते. बऱ्याच वेळाने त्याने डोक्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं.

गोठ्यापर्यंत पाणी पोचलं, पण उंबऱ्याखालीच राहिलं. ओसरल्यावर इंजिनियरने मशीन परत पाठवलं.

मी अजून यान्बूतच आहे. किटली आणि शाल घरी आहे. बूट मुकादमाने मागून घेतले, त्याला थोडे सैल होतात. तो शुक्रवारी जाऊन निसटलेल्या झावळ्या परत विणतो. चिखल लावत नाही. पुस्तक ग्रंथालयात आहे, त्याच्या एका पानावर वरणाचा डाग आहे. वरचे दोन बांध नाहीत. खालचा आहे. तो गळतो, आणि त्याच्या खाली पाणकणीस हिरवं आहे.