पृथ्वी आडवी आली

हसणार असाल तर हसा, पण आधी हातातला चहा संपवा. हीच फजिती मी मंडळातल्या एका वहिनींना सांगत होते, तर त्यांना असा ठसका लागला की सांगायचं राहिलं बाजूला आणि पाठ चोळत बसावं लागलं.

भूगोलाशी माझं कधीच पटलं नाही. शाळेत नकाशा भरायला दिला की मी तासभर हिमालय रंगवत बसायची. तेवढाच एक सापडायचा! आणि देवाने नवरा कसा दिला? बँकेत अधिकारी, पण जीव सगळा जगाच्या भूगोलात. बदली होईल त्या गावी मराठी मंडळात हे सामान्य ज्ञानाची स्पर्धा घेणार. लोक बिचारे श्रीखंड-पुरीच्या आशेने आलेले असत आणि हे दारातच विचारत, "मंगोलियाची राजधानी?"

तीन वर्षांपूर्वी बदली कोलकात्याला झाली. बालीगंजला चौथ्या मजल्यावर घर मिळालं. सामानातून पहिला बाहेर आला तो यांचा पृथ्वीचा गोल. दुसरं माझं कॅलेंडर. ते दर वर्षी माझी बहीण मुंबईहून पाठवते. त्यातल्या तिथी आणि संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळा, यांवर माझा संसार चालतो म्हणा ना.

त्या चंद्रोदयाचं माझं एक कौतुक होतं. कॅलेंडरमधल्या वेळेला मी अर्घ्याचं ताम्हन घेऊन गच्चीवर जाई, तर चंद्र पाण्याच्या टाकीच्या वर हातभर येऊन थांबलेला! दर संकष्टीला. हळदीकुंकवाला मी चारचौघींत सांगितलंसुद्धा, "बाई, आमच्याकडे चंद्र वाट बघायला लावत नाही. बाप्पाला माझी भूक कळते." हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

आता ओंकारचं सांगते. आमचा एकुलता एक. बापाच्या मांडीवर बसून त्या गोलावर बोट ठेवून देश शिकला. बोट फिरता फिरता एक दिवस अगदी वर, टोकाशी जाऊन थांबलं. स्वालबार्ड. उत्तर ध्रुवाच्या शेजारची बेटं. तिथे तो गेला बर्फ मोजायला. बर्फ काय मोजायचं असतं हो? हे म्हणाले, "इथे चांगली नोकरी आहे, ती कर." तो म्हणाला, "तुम्हीच तर दाखवलंत हे सगळं." यांना ते लागलं. म्हणाले, "जा. पण मग मला फोन करू नकोस."

त्यानेही नाही केला. आठ महिने. मला करायचा, यांचं नाव काढायचा नाही. आणि हे, माझा फोन चालू असला की नेमकं त्याच खोलीत वर्तमानपत्र वाचायला येऊन बसायचे.

अशात यांच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. तीन ठिकाणी अडथळे निघाले, बायपास करायची ठरली. त्या दिवसापासून माणूस भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. जेवणात लक्ष नाही, बोलणं नाही. गोलावर धूळ साचली. मी पुसायला गेले तर म्हणाले, "राहू दे. आता कुठे फिरवायचाय?"

मी देवघरात बसून रडून घेतलं.

ओंकारला मी कळवलं होतं. तो म्हणाला, "आई, बाबांना फक्त ये म्हणू दे. मिळेल त्या विमानाने निघतो." यांना सांगितलं तर म्हणाले, "त्याला यायचं तर येईल. मी कोण सांगणारा?" एका शब्दावर सगळं अडलेलं, आणि तो शब्द दोघांच्या दोन घशांत. ऑपरेशन सोमवारवर आलेलं. न बोलताच काही बरंवाईट झालं तर? हा विचार मनात आला की पोळी तव्यावर करपायची.

त्या आधीचा मंगळवार म्हणजे अंगारकी. मी हातात अक्षता घेतल्या आणि संकल्प सोडला, "यांच्यासाठी मी आणि माझा लेक, दोघंही उपास धरू. दोघांनी चंद्र पाहिल्याशिवाय मी अन्न घेणार नाही." साबुदाणासुद्धा नाही. पाणी आणि चहा, बस्स.

मग ओंकारला फोन.

"बाबांसाठी एक दिवस उपास धरशील?"

"धरतो आई. सोडायचा कधी?"

"चंद्र पाहिल्यावर. त्यात काय विचारायचं?"

"आई, इथे सध्या सूर्यच मावळत नाही."

"मग बरंच की! उजेडात जेवशील."

"तसं नाही गं. चंद्र इथे अजून दोन-तीन दिवस उगवणारच नाही."

आता तुम्हीच सांगा, कुठल्या आईला हे पटेल? चंद्र काय पोस्टमन आहे, सुट्टी घ्यायला? मी म्हटलं, "ओंकार, चंद्र एकच आहे. गावागावाला वेगळा नसतो. इथे उगवला म्हणजे तिथे उगवलाच. एक दिवस उपाशी राहवत नसेल तर तसं सांग, उगाच चंद्रावर ढकलू नकोस."

"म्हणजे चंद्र दिसेपर्यंत जेवायचं नाही?"

"नकोच जेवूस!"

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. अगदी यांच्यासारखा.

वेळेला गच्चीवर गेले. चंद्र नेहमीप्रमाणे टाकीच्या वर हातभर. अर्घ्य दिलं, आरती केली, मोदकांचा नैवेद्य दाखवला आणि फोन समोर ठेवून बसले. लेकाचा निरोप आला की पहिला घास. निरोप काही येईना. शेवटी मोदक फ्रिजमध्ये ठेवले.

सकाळी निरोप होता, "नाही दिसला. उपास चालू आहे."

मुलगा खोटं बोलत नव्हता तर! मग चंद्र त्यालाच का दिसत नव्हता? मनात नाही नाही ते येऊ लागलं. बाप-लेकाच्या अबोल्याचा दोष लागला का? बाप्पाने माझा संकल्पच नाकारला का? म्हणजे सोमवारी… पुढचं मनातल्या मनातही म्हणवेना.

दुपारी समोरच्या फ्लॅटमधल्या काकोलीदी दही घेऊन आल्या. माझा चेहरा बघून दारातच थबकल्या. "बौदी, की होलो? कल का उपोस आज भी?"

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा! हमारे यहाँ तो उपोस में गरम-गरम लुची खाते हैं. आप लोग भगवान को इतना डराते क्यों हैं?"

उपासाला मैद्याच्या पुऱ्या! मला हसूही आलं आणि रडूही. पण संकल्प तो संकल्प. त्यांनी दही टेबलावर ठेवलं आणि जाताना दोनदा मागे वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, दह्याकडे. हे आता वाया जाणार, अशा नजरेने.

संध्याकाळी यांचं ताट वाढायला घेतलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ताट हातातून सुटलं. वरण-भात सगळा फरशीवर, आणि मी ओट्याला धरून खाली बसले.

आतून हे आले. स्वतःच्या पायांनी, भराभरा. डॉक्टरांनी भराभर चालायला बंदी केलेली.

"काय झालं? कालपासून जेवली नाहीस तू?"

मला लपवता येईना. अंगारकी, संकल्प, ओंकार, सगळं भडाभडा सांगून टाकलं. "अहो, माझ्या लेकाला चंद्रसुद्धा दिसेना झालाय. काहीतरी वाईट होणार बघा!"

यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मंगोलियाची राजधानी चुकलेल्या माणसाकडे बघत. मग बाहेर गेले, गोल घेऊन आले, खांद्यावरच्या पंच्याने त्याची धूळ पुसली आणि म्हणाले, "लिंबू दे."

"आत्ता सरबत?"

"चंद्र करायचाय."

स्वयंपाकघराच्या फरशीवर, सांडलेल्या वरणाच्या शेजारी आमचा वर्ग भरला. यांनी गोलाच्या डोक्यावर बोट ठेवलं. "तुझा लेक इथे, टोपीवर. चंद्र सध्या दक्षिणेकडे, इतका खाली." लिंबू गोलाच्या कमरेखाली धरलं. "पृथ्वी कितीही फिरव. टोपीवरून बघ बघू दिसतोय का."

मी गुडघ्यांवर बसून गोलाच्या माथ्याला डोळा लावला. लिंबू खरंच दिसेना!

"मग बाप्पा रागावला नाहीये?"

"बाप्पाचा काय संबंध? दोन-तीन दिवसांनी चंद्र वर सरकेल, तेव्हा दिसेल."

"म्हणजे मी आणखी दोन-तीन दिवस…"

"चंद्र ढगात असला की काय करतेस?"

"कॅलेंडरमधली वेळ झाली की सोडते."

"मग झालं तर. इथे पृथ्वी आडवी आली. जरा मोठा ढग समज."

"शास्त्रात चालतं का हो असं?"

"शास्त्राचं मला माहीत नाही. भूगोलात चालतं." असं म्हणून ते हसले. किती महिन्यांनी! आणि मधेच थांबले. "आणि तो? तो जेवलाय का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

यांचा चेहरा बदलला. "माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठीच."

"लाव फोन."

मी लावला. तिकडून "हॅलो आई" आलं, आणि हे एवढ्या मोठ्याने ओरडले की समोरचं दार उघडलं, "अरे गाढवा, जेव आधी!"

तिकडून अगदी हळू आवाज. "बाबा… आईचा संकल्प आहे."

"आईचं मी बघतो. तू जेव. आणि…" हे बोटाने गोल फिरवत राहिले. एक फेरी, दुसरी फेरी. "…आणि सोमवारच्या आत ये."

ओंकार रविवारी सकाळी आला. सोमवारी ऑपरेशन झालं. ते सात तास मी कसे काढले ते विचारू नका, त्यात हसण्यासारखं काही नाही. हे अजून थकलेले आहेत, जिना चढवत नाही, मधेच गप्प होतात. पण आहेत. समोर आहेत.

आणि फजिती? अहो, ती तर पुढेच आहे!

पुढच्या संकष्टीला आभाळ थोडं उघडं होतं. मी मोदक करत होते. हे म्हणाले, "चल गच्चीवर."

"अजून तासभर आहे. कॅलेंडर बघा."

"तू चल तर."

लिफ्टने वर गेलो. ओंकारने यांचा हात धरला होता. पाहते तर काय, समोरच्या इमारतींच्या फटीतून तांबडा, भाकरीएवढा चंद्र नुकताच डोकं काढत होता. तीन वर्षांत तो उगवताना मी पहिल्यांदा पाहत होते.

यांनी घसा खाकरला. स्पर्धेत खाकरायचे तसा. "प्रश्न पहिला. चंद्र आधी कुठे उगवतो, मुंबईत की कोलकात्यात?"

ओंकार म्हणाला, "माझा पास. आईला विचारा."

आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मुंबईचं कॅलेंडर! मुंबईची वेळ! सूर्य इथे लवकर मावळतो हे रोज दिसत होतं, पण चंद्रही लवकर उगवत असेल, हे काही डोक्यात आलं नव्हतं. तो बाप्पाच्या कृपेने हातभर वर येऊन थांबत नव्हता. तासाभरापूर्वी उगवून कंटाळलेला असायचा!

म्हणजे तीन वर्षं, दर संकष्टीला, मी एक तास जास्त उपाशी राहिले. आणि हळदीकुंकवाला वर त्याचा टेंभा मिरवला!

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या महिन्यापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इतकी खूश असायचीस गच्चीवरून येताना."

मी रडवेली होऊन विचारलं, "मग माझ्या त्या जास्तीच्या तासांचं काय हो? त्यांचं पुण्य कुठे गेलं?"

हे चंद्राकडे बघत शांतपणे म्हणाले, "पुण्य मुंबईला. भूक तेवढी कोलकात्याची."