कालवडीच्या पाठीवरची गोम

देवणीजवळच्या एका गावात माझ्या मामांचा गोठा आहे. दिवाळीला मी लातूरहून तिकडं गेले, तेव्हा त्यांनी एक कालवड विकायला काढली होती. अंगानं पांढरी, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. तिची आई मेली तेव्हा मामींनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. पण वशिंडामागं केसांचा भोवरा होता आणि त्यातून उलट्या केसांची एक रेघ निघाली होती. हिलाच गोम म्हणतात. गोमेचं जनावर घर बुडवतं, असा समज.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, आणि अंगावरच्या केसांना दिशा कशी मिळते, नेमकं हेच शिकवते. मग गप्प कशी बसणार?

रेणापूरकडचे एक शेतकरी बघायला आले. दात पाहिले, चाल पाहिली, खूश झाले. मग पाठीवरून हात फिरवला आणि हात तिथंच थांबला.

"गोम हाय की हो."

मामा खाली बघायला लागले. मीच पुढं झाले. "काका, वासरू पोटात असताना कातडीच्या पेशींना डोकं कुठं, शेपूट कुठं हे कळावं लागतं. प्रत्येक पेशी शेजारणीकडून दिशा घेते, पुढचीला देते. म्हणून सगळे केस एकीकडं झुकतात. जिथं दिशा जुळत नाहीत, तिथं केस गोल फिरतात. आपल्याही डोक्यावर भोवरा असतोच की."

त्यांनी मन लावून ऐकलं. "म्हंजे शेजारनीचं ऐकून बिघडली म्हना की. मग खोटच झाली न्हवं का, ताई?"

सगळे हसले. माझा जीव नुसता जळला. "खोट नाही हो! दुधाशी, तब्येतीशी काही संबंध नाही त्याचा."

"असंल. पर आमाला नगं."

ते गेल्यावर मामांनी वस्तरा काढला. "भादरूनच टाकतो."

"मामा, केसांची मुळंच तिरकी बसलीत. परत तसेच उगवतील."

"तू गप बस गं माय जरा."

संक्रांतीपर्यंत गोम होती तशी उगवली. माझं खरं झालं, पण त्याचा काय उपयोग? मधल्या काळात मामा गोठ्यात घसरून पडले, हात मोडला, आणि आळ कालवडीवर आला. फोनवर मी ओरडलेच, "शेणावरून पाय घसरला तुमचा, मामा!"

"शेन तर रोजच असतंय," मामा म्हणाले.

शेवटी मामींच्या भावानं कालवड देगलूरकडं विकायला नेली. त्या दिवशी मामींचा फोन आला. रडून आवाज बसला होता.

"तुला एवढं कळतंय, मग तुज्या मामाला पटवाय का आलं न्हाई गं?"

मामांचा राग यावा, की रेणापूरच्या काकांचा, की माझ्याच शिकवण्याचा, ते कळेना. मी नुसती "हो मामी, हो मामी" म्हणत राहिले.