साडभावाच्या धुऱ्यावरची सावली

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, झाडं लावा, हे माझ्या सासुरवाडीच्या गावात पहिल्यांदा मी सांगितलं. आता तिथे दुसऱ्याचंच नाव घेतात, म्हणून लिहून ठेवतो.

कुडव्याला माझी रोपवाटिका आहे. बापाकडून मला धानाची एक बांधी, म्हणजे एक खाचरही मिळालं नाही. सायकलला टोपल्या बांधून गावोगाव रोपं विकली, भाव करताना कोणापुढे नमलो नाही, तेव्हा कुठे स्वतःची जागा झाली. सासुरवाडी बिरसीच्या पलीकडे, सगळी धानाची. तिथल्या लोकांना मी दर पावसाळ्यात समजावत असे. धुऱ्यावर नुसती तूर कायले टाकता, शिवणीची झाडं लावा, धान खाऊन संपेल पण लाकूड उभं राहील. त्यांचं उत्तर ठरलेलं. सावलीनं धान पोचट राहतं, आणि तू तर विकायला आला आहेस. एका म्हाताऱ्यानं तोंडावरच विचारलं, "तुही शेती कुठी आहे भाऊ?" मी चहा तसाच ठेवून उठलो.

माझा साडभाऊ, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, त्याच गावचा. वाडवडिलांची जमीन, आवाज कधी चढत नाही, घाई कशाचीच नाही. त्यानं नात्याखातर माझ्याकडून शिवण नेली. विकली न गेलेली करंजाची रोपंही मी त्याच्या गाडीत वर टाकली, माझी जागा मोकळी व्हावी म्हणून. धान निघालं की त्या गावात गुरं मोकळी सोडतात. शिवणीला कुंपण घालायला मी दहादा सांगितलं होतं. त्यानं घातलं नाही, गुरांनी शिवण साफ केली. करंजाला जनावर तोंड लावत नाही. ती वाढत गेली, डेरेदार झाली, आणि त्याचा आळस हुशारी ठरला.

तिकडे रोवणीला बायका मिळणं कठीण झालं होतं. रोवणी म्हणजे चिखलात वाकून दिवसभर धानाची रोपं लावणं. शेतकरी बायकांच्या टोळीमागे हात जोडून फिरत, आणि टोळी आधी जाई साडभावाच्या वावरात. तिथे जेवायला सावली होती, लेकरू निजवायला करंजाच्या फांदीला पाळणा बांधता येई. एवढ्याशा गोष्टीनं गाव वळलं. माझ्या लाकडाच्या हिशेबानं कोणी हललं नव्हतं.

एका सकाळी तोच म्हातारा चार-पाच जणांना घेऊन माझ्या दारात आला. करंज पाहिजे म्हणाला, साडभावासारखी. मी म्हटलं, ती माझीच रोपं आहेत. त्यावर तो म्हणाला, "असतीन. पण धुऱ्यावर लावाची अक्कल त्याची." माझा पारा चढला. सरळ सांगितलं की करंजाची रोपं संपली, शिवण न्यायची तर न्या. करंजाची रांग त्यांच्या पाठीमागेच उभी होती. त्यांनी वळून पाहिली आणि हसले. शेवटी दिली. पण त्यातली सगळ्यात उंच, सरळ रोपं आधीच बाजूला काढून ठेवली.

ती माझ्यासाठी होती. साडभावाच्या वावराला लागून एक बांधी विकाऊ होती. मालकाला महिनाभर झुलवून, भाव पाडून घेतली. माझ्याकडच्या धुऱ्यावर ती रोपं लावली, काटेरी कुंपण घातलं. आता कोणी विचारलं असतं, शेती कुठी आहे, तर दाखवायला जागा होती. कोणी विचारलं नाही.

यंदा माझ्या बांधीत रोवणी लागली. ढग फाटून ऊन अंगावर येत होतं. दुपारी बायका चिखलातून निघाल्या, लुगड्याच्या पालवात हात पुसले, डबे उचलले आणि धुरा ओलांडून साडभावाच्या करंजाखाली जाऊन बसल्या. काम माझं, मजुरी माझी, आणि गप्पा त्याच्या झाडाखाली. मी ओरडलो, हे झाडही माझ्याच रोपवाटिकेतलं आहे. टोळीतली मोठी बाई घास चावत म्हणाली, "रागावता काऊन भाऊ? तुमची मोठी झाली का तुमच्याखाली बसू. तवरक का उन्हात जेवाचं?"

सगळ्या हसल्या. साडभाऊही तिथेच होता. त्यानं अंग चोरून माझ्यासाठी जागा केली. "या ना भाऊजी, कायले तपून राहिले?"

येतो म्हणालो, पण गेलो नाही. माझ्या करंजाजवळ त्यांच्याकडे पाठ करून बसलो आणि डबा उघडला. त्या रोपाची सावली डब्याच्या झाकणाएवढी पडली होती. मी झाकण तिच्यात ठेवलं आणि जेवलो.