मराठी सापडली नाही तर

लासूर स्टेशनला आमची गाडी दोनच मिनिटं थांबणार होती. त्या दोन मिनिटांत आईनं माझ्या तळहातावर दही ठेवलं आणि शेजारच्या शकीलाखालानं हिरव्या फडक्यात नाणं गुंडाळून माझ्या दंडाला इमाम-जामिन बांधला. 'पोंचते ही खोलना, किसी गरीब को देना. भूलना नक्को,' असं ती गाठ मारता मारता म्हणाली. आईचं लक्ष डब्यावरच्या इंग्रजी अक्षरांकडे होतं. डबा हाच का, असं तिनं खालाला दोनदा विचारलं आणि खालानं वर न बघताच 'हौ, बराबर है' म्हणून सांगितलं. मी दारात उभा होतो, चांगला संभाजीनगरला शिकून इंजिनिअर झालेला, पण मला कुणी विचारलं नाही.

गाडी हलली. दोघी फलाटावर एकमेकींचा हात धरून उभ्या राहिल्या. कांद्याच्या गोण्यांचा वास बराच वेळ डब्यात होता.

आता युट्रेक्टला, डच लोकांच्या देशात, रोज सकाळी गाडीनंच ऑफिसला जातो. खिडकीबाहेर सपाट रान, त्यावर धुकं, धुक्यात अर्धी बुडालेली गुरं. डोळे जड होतात आणि वाटतं, पुढचं स्टेशन आपलंच. उतरावं, मार्केट यार्डाच्या भिंतीला लागून चालावं, आणि आईनं ओट्यावरूनच हाक मारावी, 'आला का रे रवी?' मग गाडीतल्या स्पीकरमधली बाई डचमध्ये काहीतरी सांगते आणि मी डोळे उघडतो. तुमच्यातले जे माझ्यासारखे गेले, त्यांना ही गुंगी ठाऊक असेल. जे राहिले, त्यांनी हसू नये.

मी काय काम करतो हे आईला सांगताना माझी फार फजिती झाली होती. आम्ही लायब्ररी बनवतो, असं म्हणालो, तर तिनं गल्लीभर सांगितलं की पोरगं परदेशात वाचनालयात लागलं. मग नीट सांगितलं, की आमची लायब्ररी पुस्तकांची नाही, ॲपच्या आत चालणारा प्रोग्राम आहे. मोबाईलच्या ॲपमध्ये वाक्यं लिहून ठेवलेली नसतात. प्रत्येक वाक्याला एक किल्ली असते. ॲप आमच्या लायब्ररीला किल्ली सांगतं, भाषा सांगतं, आणि लायब्ररी दूरच्या सर्व्हरवरून त्या भाषेतलं वाक्य आणून हातात ठेवते. डच माणसाला डच, मराठी माणसाला मराठी. त्या भाषेत वाक्य सापडलंच नाही, तर शेवटी इंग्रजी.

आई म्हणाली, 'म्हंजी निरोप्याच की रं तू.'

दादा, म्हणजे माझे वडील, वारल्यापासून ती एकटी राहते. शुगर निघाली तेव्हा आमच्याच कंपनीचं गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप मी तिच्या मोबाईलमध्ये घातलं. गोळीची वेळ झाली की पिवळी चौकट येते, आत सूचना, खाली बटण. त्यातली बरीच मराठी वाक्यं मी स्वतः सुट्टीच्या दिवशी बसून लिहिली. भाषांतराच्या एजन्सीकडून आलेलं 'कृपया आपली मात्रा प्रविष्ट करा' खोडून 'गोळी घेतली का?' केलं. मला त्या कामाचा फार आनंद व्हायचा. खिडकीबाहेर कालव्यात बदकं तरंगत असायची, आणि मी लिहिलेलं वाक्य समुद्र, वाळवंट ओलांडून लासूरच्या ओट्यावर आईच्या तळहातात उतरायचं. आपण इथंच बसून राहतो आणि आपलं बोलणं घरी जाऊन येतं, असं वाटायचं.

पण ॲपमध्ये सारखी नवी वाक्यं यायची आणि मराठी मागं पडायची. मग आईच्या चौकटीत इंग्रजी उमटायचं. इंग्रजीचा तिनं धसका घेतलेला आहे. तिच्या लहानपणी गावात इंग्रजी तार आली की ती वाचून घ्यायच्या आधीच बाया रडायला लागत. तिचे वडील गेल्याचीही तशीच आली होती. 'इंग्रजी दिसलं की माझं हातपायच गळत्यात,' ती म्हणायची. मग ती मोबाईल पदराखाली धरून शेजारी जायची. खालाची सून बारावी झालेली. ती वाचायची, खाला तिच्या बोलीत समजावून सांगायची, आणि चहा पिऊन आई परत यायची.

मला फोनवर ते ऐकवेना. माझ्याच ॲपनं माझ्या आईला भेदरवावं आणि तिनं दुसऱ्याच्या दारात उभं राहावं, याची मला लाज वाटायची. म्हणून मी लायब्ररीत मराठीपुरता एक नियम घातला, की मराठी वाक्य सापडलं नाही तर इंग्रजी देऊ नको, जागा कोरी ठेव. यान नावाच्या माझ्या डच सहकाऱ्यानं कोड तपासताना विचारलंही, 'कोरं नक्की चालेल?' मी ऐटीत म्हणालो, 'आमची माणसं मला माहीत आहेत.' अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी त्याला डचमध्ये सांगू शकलो असतो, तर त्यानंच ती मला ऐकवली असती.

पुढं एक नवी सूचना आली. सकाळची गोळी घेऊन झालेली असताना कुणी गोळी घेतल्याचं बटण पुन्हा दाबलं, तर ॲप सांगणार होतं की ही गोळी तुम्ही घेतलेली आहे, पुन्हा घेऊ नका. मराठी वाक्य व्हायचं होतं. मी पुढच्या आठवड्यात लिहिणार होतो.

मी सकाळच्या गाडीत होतो. बाहेर तेच धुकं. फोनवर शकीलाखालाचं नाव दिसलं. ती मला कधीच फोन करत नाही.

'घबराना नक्को बेटा,' ती म्हणाली, आणि मी अर्थातच घाबरलो. 'तेरी माँ अब ठीक है. पसीने में भीगी पड़ी थी ओटे पे. गुड़ का पानी पिलाई, रिक्शे में डाल के डाक्टर के पास लेके गई. शक्कर एकदम उतर गई थी.' मग म्हणाली, 'आजकाल आती नै थी ना. मोबाइल में कुछ आताइच नै तो आऊँ काय को, बोलती थी. दो दिन से दिखी नै, तो मैं खुद उठ के गई.'

मी मधल्याच स्टेशनवर उतरलो. का उतरलो, ते माहीत नाही. बाकावर बसून राहिलो.

चार दिवसांनी घरी पोचलो. आई बाजेवर बसली होती, जरा वाळलेली, पण तोंड तसंच चालू. मी तिला विचारलं, गोळी दुसऱ्यांदा कशी घेतलीस?

'इसरले. डबी उघडली, बटण दाबलं. चौकट आली ना पिवळी. आत काय नव्हतं. खाली "ठीक आहे" लिव्हलं व्हतं. म्हटलं, पोरानं लिव्हलंय ठीक हाय, म्हंजी ठीकच आसंल.'

ते बटणावरचे दोन शब्द मीच लिहिले होते. मी उठून मागच्या दारी गेलो आणि पोटभर रडलो. इंग्रजी वाक्य आलं असतं तर ती भ्याली असती, आणि भिऊन खालाकडे गेली असती. त्या भीतीलाच चालायची सवय होती, आणि मी तिची वाट पुसून टाकली होती. इतकी साधी गोष्ट मला समुद्रापलीकडून दिसली नाही.

त्याच ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलो. नियम काढून टाकला. आता मराठी सापडली नाही तर लायब्ररी आधी एक वाक्य देते, आणि त्याखाली इंग्रजी. वाक्य असं आहे: 'हे मराठीत सांगता आलं नाही. जवळच्या कुणाला तरी दाखवा. तोवर गोळी घेऊ नका.' यानला कारण कळवलं. त्यानं इतर भाषांनाही तेच लावायचं ठरवलं. मग राहिलेली सगळी मराठी वाक्यं चार दिवसांत पुरी केली. खाला चहा घेऊन आली, दंडाकडे बघून म्हणाली, 'खोला क्या?' तो इमाम-जामिन युट्रेक्टच्या ड्रॉवरमध्ये गाठीसकट पडून आहे, असं मी सांगितलं. 'तो फिर अब्बी पोंचाइच नै तू,' ती म्हणाली आणि कप ठेवून गेली.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी चौकट आली. चांगली ठळक मराठीत. आईनं ओठ हलवत वाचली, गोळी घेतली, मोबाईल पदराखाली धरला आणि पायात चपला सरकवल्या.

'कुठं निघालीस?'

'शकीलाकडं. दाखवून येते.'

'अगं, मराठीत आहे आता. वाचलंस ना तू?'

'वाचलं की. चौथी शिकलीय मी.' ती दारात थांबली. 'पर समदं घरातच वाचून झाल्यावर उंबरा कशाला वलांडू रं?'

मी बघत राहिलो. ओट्याच्या दोन पायऱ्या, मधली नाली, खालाचं निळं दार. तिची बारा पावलं.

इथली सकाळ म्हणजे तिची दुपार; आता रोज गाडीत तिच्या दुपारच्या चौकटीची वेळ होते. बाहेर धुकं असतं, मी डोळे मिटतो आणि पावलं मोजतो. बाराव्याला खालाचं दार उघडतं. मग मी डोळे उघडतो.