दुसऱ्यांदा की तिसऱ्यांदा

आमच्या बौद्धवाडीत वंदना मी सांगायचे. शिकले चौथीपर्यंत. पाली मला कुणी शिकवली नाही. सासरे सांगायचे, मी त्यांच्यामागून म्हणायचे, त्यातच पाठ झालं. सासरे गेले तेव्हा पुढं बसायला दुसरं कुणी नव्हतं. पुरुष रसायनीच्या कारखान्यात पाळीला जायचे आणि बायका लाजायच्या. मी लाजत नव्हते, म्हणून मी.

वंदनेत सरण, म्हणजे बुद्ध-धम्म-संघाचा आसरा, तीन वेळा घ्यायचं असतं. पहिल्यांदा नुसतं. दुसऱ्यांदा आधी 'दुतियम्पि' लावायचं, तिसऱ्यांदा 'ततियम्पि'. बाकी शब्द तेच. पुढं बसलेला सांगतो आणि बाकीचे ऐकलं ते मागून म्हणतात.

गेल्या थंडीत माझी शेजारीण वारली. आम्ही बरोबरीनं भाताच्या लावणीला जायचो. तिच्या जलदान विधीला मीच पुढं बसले. दुसरा फेरा झाला आणि मी पुन्हा 'दुतियम्पि' म्हणाले. लोकांनी मागून म्हटलं. तो फेरा संपला, तर कितवा झाला तेच कळेना. परत 'दुतियम्पि'. लोकांनी परत म्हटलं. सांगणाऱ्याला अडवायची रीत नाही. समोर मेलेल्या बाईचा फोटो, उदबत्ती विझत आलेली, आणि आख्खी वाडी माझ्यामागं त्याच फेऱ्यात फिरत होती. शेवटी तिच्या लेकीला हुंदका फुटला, सगळ्यांचे आवाज थांबले. तेवढ्यात मी सरण तिथंच सोडून पंचशील धरलं.

जेवणाच्या पंगतीत माझे चुलत दीर शेजारी बसले. ते विहाराच्या कमिटीत आहेत.

"वयनी, आज तिला जास्तीचं सरण दिलंत."

"जन्मभर सगळं कमीच घेतलं तिनं. मेल्यावर तरी घेऊ दे."

ते हसले नाहीत. म्हणाले, "बुद्धपौर्णिमेला बाहेरची मानसं येनार हायत. तवा रेकॉर्डिंग लावू या का? स्पीकर हाय आपल्याकडं."

"मी मेले की लावा," मी म्हणाले.

सून साजगावच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. तिनं एक खाडा केला आणि मला कर्जतला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर नातीच्या वयाची. तिनं रक्त तपासलं, कान तपासले, महिना कोणता ते विचारलं. रक्तात काही कमी निघालं, त्याची इंजेक्शनं दिली. म्हणाली, झोप पुरी घ्या, रोज चाला, काहीतरी नवीन शिका. पाठांतर एका बैठकीत घोकत बसू नका. एकदा म्हणा, सोडून द्या, दुसऱ्या दिवशी न बघता आठवा. अडलं तर अडू द्या, लगेच बघू नका.

"नवीन काय शिकू? जुनंच टिकंना," मी म्हणाले.

पण ऐकलं. किल्ली एकाच खिळ्याला अडकवायला लागले. गॅस बंद करताना 'बंद केला' असं मोठ्यानं म्हणायचं, म्हणजे परत उठून बघावं लागत नाही. गोळी चहाच्या कपाशेजारी ठेवायची. मोबाइलवर आवाज भरून माथेरानच्या हॉटेलात कामाला असलेल्या लेकाला पाठवायला शिकले. चालायला जाते. घरातलं विसरणं कमी झालं, हे खरं आहे. त्या पोरीनं फसवलं नाही.

फेरा मात्र हातात राहीना. शब्द एकही विसरले नव्हते. म्हणून झालं की ते कितव्यांदा म्हटलं, तेवढंच पुसलं जायचं. बोटावर मोजावं तर वंदनेला हात जोडलेले असतात. पुस्तक समोर ठेवून पाहिलं. वाचायला गेले की एकेक अक्षर लागतं, चाल मोडते, आणि मागचे लोक माझं तोंड बघत बसतात.

संध्याकाळी सून भाकऱ्या थापायची आणि माझ्यामागून म्हणायची. मध्येच थांबून विचारायची, "आई, आता कितवं?"

"दुसरं."

"तिसरं झालं."

"तू मधी बोललीस म्हनून चुकलं."

"मग उद्या गप बसते. तवा कुनावर घालाल?"

दुसऱ्या दिवशी ती गप बसली आणि मी चुकले. तिनं नुसती भाकरी उलटली. त्याचा मला जास्त राग आला.

बुद्धपौर्णिमेला विहार भरला होता. दिरांनी स्पीकर आणून खिडकीत ठेवला होता, बंद. मी पुढं बसले. पहिला फेरा नीट झाला. दुसरा झाला, निदान तसं वाटलं. तोंड उघडलं आणि काही आलं नाही. चुकीचंही आलं नाही. मागं कुणीतरी खोकलं. दीर उठले, खिडकीकडं निघाले.

मागच्या रांगेतून सुनेचा आवाज आला, "ततियम्पि—"

लोकांनी तिच्यामागून म्हटलं. मीही म्हटलं. दीर होते तिथंच हात जोडून उभे राहिले. पंचशीलही तिनंच सांगितलं, आणि मी तिला थांबवलं नाही.

पुढच्या पौर्णिमेला तिनं पुढची चटई झटकली आणि माझ्याकडं बघत उभी राहिली.

"बस," मी म्हणाले.

"आई, तुमी बसा, मी मागनं सांगते."

"दोन तोंडांची वंदना नसती. बस."

आता मी भिंतीला टेकून बसते. तिचा सूर चढा आहे आणि ती भरभर सांगते. मला दम पुरत नाही, निम्मे शब्द गिळते. इतक्या जणांत ते कुणाला कळत नाही.