फळीवरच्या आठ खाचा

आमच्या गावात माणसाला घराचं नाव लागतं. म्यूनिकच्या उत्तरेला, एस-बान ही लोकल संपते तिथून पुढे बसने जावं लागतं, असं हे गाव आहे. कागदोपत्री आमचं आडनाव आहे ते आहेच, पण बेकरीत, कचरा टाकायच्या आवारात, चर्चसमोर मला घराच्या जुन्या नावानेच हाक मारतात. माझ्या आधी या घरात जे जे राहिले त्यांनाही तेच नाव होतं. मी दिवसभर उंटरश्लाइसहाइमच्या ऑफिसात असतो आणि संध्याकाळी बसमधून उतरलो की या घराचा होतो. बायको म्हणते, "तू इथे दत्तक गेलायस."

घर आम्हाला शेजारच्या आजींनी विकलं. त्या याच घरात जन्मल्या आणि लग्न होऊन कुंपणापलीकडे सासरी गेल्या. या दारापासून त्या दारापर्यंत एकतीस मीटर, मी मोजलंय. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. आईवडिलांचं घर कितीतरी वर्षं बंद ठेवून शेवटी त्यांनी ते आम्हाला दिलं.

माळ्यावर एक फळी सापडली. लांबी १९२ सेंटिमीटर, रुंदी ३८, लाकूड जुनं आणि काळपट, पण कुठेही वाकलेलं नाही. एका कडेला आठ खाचा होत्या. सुताराची मोजपट्टी असेल असं वाटून मी त्यांच्यामधली अंतरं मोजली. कसलाच हिशेब लागला नाही. दोन खाचा पार खाली होत्या, बाकीच्या वर, सारखं अंतर कुठेच नाही. फळी भिंतीला टेकून उभी केली होती. मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची, तिला पाठ लावून उभी राहिली. १३१ सेंटिमीटरवरची खाच बरोबर तिच्या टाळूला आली.

"गेनाऊ," ती म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर, आणि खाली पळाली.

त्या दिवाळीला आई पुण्याहून आली होती. नरकचतुर्दशीला औक्षण करायला घरात पाट नाही, हे आल्या दिवशीच तिच्या लक्षात आलं.

"एवढं मोठं घर घेतलंस," आई म्हणाली, "आणि पोरीला ओवाळायचं ते काय ऑफिसच्या खुर्चीवर बसवून?"

१९२ भागिले चार, अठ्ठेचाळीस. मी फळीचे चार तुकडे केले, वरून पॉलिशपेपर मारला, खाली पट्ट्या ठोकल्या. कडा तशाच ठेवल्या, त्या खाचा शोभून दिसत होत्या. चार माणसांना चार पाट झाले. आईने नातीला त्यातल्या एका पाटावर बसवून ओवाळलं. पोर गंभीर चेहऱ्याने निरांजनाकडे बघत बसली होती.

पाडव्याला आजींना फराळाला बोलावलं. त्यांच्याकडे मृतांचा सण नुकताच झाला होता. गावातल्या सगळ्या कबरींवर लाल काचेचे दिवे अजून जळत होते आणि आमच्या दारात पणत्या होत्या. आजी काठी टेकत आल्या, चकलीचा तुकडा मोडला आणि मुलगी बसली होती त्या पाटाकडे बघत तशाच राहिल्या.

"ऊठ गं बाळा," त्या म्हणाल्या.

मग मला चारही पाट उलटवायला लावले आणि कडा एका रेषेत येतील असे जुळवून घेतले. कुठला तुकडा कुठे लागतो याचा त्यांना विचार करावा लागला नाही.

"आमच्या घरात माणूस गेला की त्याला पुढच्या खोलीत या फळीवर ठेवायचे," त्या म्हणाल्या. "टाचा या टोकाला. डोकं जिथे येईल तिथे घरधन्याने खाच पाडायची. फळी घराची. घर विकलं तरी ती घरातच राहते, म्हणून मी माळ्यावर ठेवली होती."

त्या कडेवरून बोट फिरवत गेल्या. पार खाली दोन तान्ही, पणजोबांची. मग १३१ वर भाऊ. "नऊ वर्षांचा होता. तळ्यावरचा बर्फ फुटला." मग त्यांची आजी, आई, वडील, आजोबा. मी मनात मोजत होतो. सात झाले. १५२ वरची खाच त्यांनी नाव न घेता ओलांडली होती.

"आणि ही?" मी विचारलं.

"ती राहू दे."

मुलगी त्यांच्याजवळ सरकली आणि जर्मनमध्ये म्हणाली की ती या भावाएवढीच आहे, तिने उभं राहून पाहिलंय. आजींनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

निघताना दारात त्या मला म्हणाल्या, "मला त्याच फळीवर झोपायचं होतं. एवढं एकच ठरवून ठेवलं होतं. आता कुठल्या पाटावर झोपू, सांग. चौघांत वाटून घ्याल का मला?" त्या हसल्या आणि काठी टेकत कुंपणाकडे निघाल्या.

बायकोला पाट घरात नको झाले होते. "त्यावर तिला ओवाळलंय आपण," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आईने डबे आवरता आवरता विचारलं, "आपल्याकडे गेलेल्या माणसाला कुठे ठेवतात?"

"जमिनीवर."

"मग? जमिनीवर बसायचं सोडलंस का तू?"

मी फळी पुन्हा जोडायला घेतली. प्रत्येक कापात करवतीने तीन मिलिमीटर लाकूड खाल्लं होतं. तीन काप म्हणजे नऊ मिलिमीटर. तसंच चिकटवलं असतं तर तान्ही मुलं सोडून सगळी माणसं थोडी थोडी खुजी झाली असती. भाऊ सहा मिलिमीटर, वडील नऊ. म्हणून सांध्यांत तीन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या घातल्या आणि खालून दोन लांब आधार दिले. मोजलं, १९२ भरलं. आजींनी येऊन फळीवर हात फिरवला आणि विचारलं, "कोणी लहान नाही ना झालं?" मी नाही म्हटलं.

फेब्रुवारीत, दुपारी, त्या आपल्या खुर्चीतच गेल्या. अंत्यविधीवाल्यांना त्यांनी सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. माणसांनी त्यांना कुंपणापलीकडून आमच्या पुढच्या खोलीत आणलं. बाहेर बर्फाचा पांढरा उजेड होता. दोन स्टुलांवर फळी ठेवली होती. टाचा टोकाला लावल्यावर त्यातला एकजण मला घराच्या नावाने हाक मारून म्हणाला, "आता तुमचं काम."

मी पटाशी घेऊन वाकलो. टाळूला सुताराचा काटकोनी गुण्या लावला. तो फळीच्या कडेला जिथे टेकला तिथे खाच होती. १५२ वरची.

मी पुन्हा मोजलं. त्यांनी तरुणपणीच ती पाडून ठेवली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण म्हातारपणी माणसाची उंची कमी होते, ती किती कमी होईल हे त्यांनी कसं धरलं असेल? शिवाय त्या पट्ट्या घातल्या नसत्या तर नऊ मिलिमीटरचा फरक पडला असता. मला खाच पाडावी लागली नाही. पटाशी खिशात ठेवली आणि झालं म्हणून सांगितलं.

फळी घराची, म्हणून ती परत माळ्यावर गेली. बायकोने विरोध केला नाही, फक्त मुलीला आधी मोजून घे म्हणाली. मुलगी तोवर १३४ झाली होती. खाच तिच्या टाळूच्या खाली राहिली. बायकोने डोळे मिटून घेतले आणि खाली गेली.

मी थोडा वेळ मागे थांबलो. माझी उंची १७१. त्या जागी मी कडेवरून बोट फिरवलं. लाकूड सपाट लागलं. मग कुठे नववी खाच आहे का म्हणून तिथून वर टोकापर्यंत आणि खाली १५२ पर्यंत सगळं तपासलं, आणि दिवा जवळ आणून पुन्हा एकदा.