काकूंच्या हातातलं हँडल

मास्तर गावाला गाडी शिकवायचे. अर्ध्या गावाला ब्रेक कळला तो त्यांच्यामुळे, आणि उरलेल्या अर्ध्याला शिव्या कळल्या त्याही त्यांच्याचमुळे. शिकवायची गाडी एकच, त्यांच्या लग्नाच्याही आधीची. घरात तिचं नाव ‘म्हातारी’. सेल्फ केव्हाच थकलेला, त्यामुळे रोज सकाळी काकू, मास्तरांच्या पत्नी, बाह्या सरसावून पुढून हँडल घालायच्या आणि इंजिन फिरवून द्यायच्या. रविवारी मास्तर इंजिनाचं वरचं झाकण काढून, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटच्या फटी पातळ पट्टीने मोजायचे, तेव्हाही हँडल काकूंच्याच हातात.

मग पंपावर बिनशिशाचं पेट्रोल आलं. जुन्या गाड्या आता मेल्याच, म्हणून जो तो कपाळाला हात लावून बसला. आणि म्हातारीने काय करावं? काही आठवड्यांत तिची वर्षानुवर्षांची टकटक थांबली! मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं.

“अगं ऐक, ऐक! शिवणयंत्रसुद्धा याहून जास्त आवाज करतं. शिसं गेलं आणि म्हातारी तरणी झाली!”

टकटक नाही, तर फट कशाला मोजायची? रविवारचा कार्यक्रम बंद झाला. हँडल मारताना मात्र काकूंच्या हाताला वेगळंच जाणवत होतं. चार सिलिंडरचं इंजिन चार वेळा हाताला उलट रेटायचं, ते हल्ली तीनदाच रेटत होतं.

“अहो, चौथा रेटा पोकळ जातोय.”

“खांदा आखडला असेल तुझा. तेल लाव.”

“इंजिनाला की मला?” काकू फणकारल्या, पण मास्तर गुणगुणत निघूनही गेले होते.

त्याच आठवड्यात टेकडीच्या चढावर, शिकाऊ बाई स्टिअरिंगवर असताना, म्हातारी फुसफुसली, आचके देत थांबली. भर बाजारातून तिला ढकलत आणावं लागलं. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. घरी आले ते भंगारवाल्याला शब्द देऊनच. येत्या रविवारी न्यायची.

काकूंचा पारा चढला. “माणसाला धाप लागली की तुम्ही त्याला डॉक्टरकडे नेता की थेट जाळायला? रविवार अजून लांब आहे!”

काकूंच्या बहिणीचा मुलगा लेथवर लोखंडी सुटे भाग कातायचा. काकूंनी त्याला घरीच आणला, दोघांनी मिळून इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असतात तो वरचा भाग, उतरवलं. भाच्याने बॅटरी मारली.

“हे बघ मावशी. व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो ती सीट. जुन्या पेट्रोलमधलं शिसं हिच्यावर बसायचं, हिला झिजू द्यायचं नाही. आता शिसं नाही, सीट मऊ. व्हॉल्व्ह आत रुतत गेला.”

“आणि म्हातारी गप्प झाली ती?”

“टकटक फटीची असते. व्हॉल्व्ह रुतला की फट मिटते. मिटता मिटता व्हॉल्व्ह पुरता बंदच होईना, मग जोर कुठून येणार?”

काकू उठून उभ्याच राहिल्या. म्हणजे हात खोटं बोलत नव्हता! “मग घाल की कडक सीट!”

“घालतो. पण चढावर दामटून पळवा आणि गार झाल्यावर फट मोजा. आहे तेवढी राहिली तर जिंकलीस. कमी झाली, तर माझ्या हातात काही नाही.”

भाच्याने जुन्या सीट कोरून कडक पोलादाच्या कड्या ठोकून बसवल्या आणि फटी नव्याने लावून दिल्या. मग काकूंनी मास्तरांना उसंत म्हणून दिली नाही. टेकडी वर, टेकडी खाली, पुन्हा वर. म्हातारी टकटकत होती आणि मागच्या सीटवर काकू टाळ्या पिटत होत्या.

रविवारी सकाळी भंगारवाला दोर घेऊन दारात हजर. इंजिन रात्रभर गार झालेलं. मास्तरांनी झाकण उघडलं, काकूंनी हँडल धरलं. चार रेटे, चारही भरभक्कम. पहिली फट बरोबर. दुसरी बरोबर. शेवटची राहिली, म्हातारी जिच्यापायी बंद पडली होती ती, आणि मास्तरांनी पट्टी काकूंपुढे केली. काकूंनी ती त्यांच्याकडून घेतली. फटीत सरकवली. पट्टी आत गेली, किंचित अडत, हवी तशीच.

“आहे! अहो, तेवढीच आहे!” काकू इतक्या मोठ्याने ओरडल्या की शेजारची खिडकी उघडली.

भंगारवाल्याला काही उमगेना. “काय मास्तर, दोर लावू ना?”

मास्तर हात पुसत बाजूला झाले. “मला काय विचारता? गाडी तिची आहे.”

असं ते उभ्या जन्मात म्हणाले नव्हते. भंगारवाला काकूंकडे वळला. त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून, जोरजोरात, पुन्हा पुन्हा.